शिरेतलं प्रतिजैविक घरच्या घरी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तापाच्या साथी सुरू झाल्या की सिडकोतल्या माझ्या घराची बेल वाजते. दारात शेजारपाजारचं कुणीतरी, हातात मेडिकलची पिशवी. ‘सिस्टर, नानांना कालच डिस्चार्ज मिळाला. हाताला सुई आहेच, राहिलेली इंजेक्शनं तुम्हीच सोडा ना. रोज रिक्षा करून कुठे न्यायचं?’ पिशवीत सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाच्या एक ग्रॅमच्या बाटल्या आणि सोबत आरएलचं, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन. मी नाही म्हणते आणि माणसं दुखावतात. जन्मभर परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यामुळे नकाराचं कारण सगळ्यांना सांगणं माझं काम आहे असं वाटतं.

त्या पिशवीतल्या दोन बाटल्याच एकमेकींच्या वैरी आहेत. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायॅक्सोनशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. असा साका फुफ्फुसांत आणि मूत्रपिंडांत साठून नवजात बाळं दगावलेली आहेत. म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल, तर हे औषध देतच नाहीत. मोठ्या माणसालाही ही दोन्ही एका नळीतून एकाच वेळी सोडत नाहीत. मध्ये नळी नॉर्मल सलाईनने धुऊन घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, हेच औषध कमरेत देताना दुखू नये म्हणून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. ते कालवलेलं औषध चुकून शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. बाटली तीच, पावडर तीच, पण कशात कालवली यावर सगळं अवलंबून.

रिॲक्शनचं तर विचारूच नका. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. त्या क्षणी मांडीत ॲड्रेनालिन टोचावं लागतं, ऑक्सिजन लागतो. कुणाच्या दिवाणखान्यात हे असतं? ‘टेस्ट केली होती, काही झालं नाही’ असं नातेवाईक सांगतात. टेस्टला काही झालं नाही म्हणून पुढे रिॲक्शन येणारच नाही, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. कालचा डोस सोसला म्हणून आजचा सोसेलच, असंही नाही. व्हँकोमायसिनसारखं औषध तर किमान तासभर सावकाश जावं लागतं. घाई केली की चेहरा, मान लालबुंद होते, रक्तदाबही उतरू शकतो.

घरी शिरेतून औषध देणं मुळातच चूक आहे, असं मी म्हणत नाही. हाडातला किंवा हृदयाच्या झडपेवरचा जंतुसंसर्ग असेल तर आठवडेच्या आठवडे औषध लागतं. तिथे पहिला डोस देखरेखीखाली, मग प्रशिक्षित परिचारिका, नियमित रक्ततपासणी आणि फोन उचलणारा डॉक्टर, अशी घडी बसवूनच ते करतात. पिशवी घेऊन शेजारणीकडे येणं म्हणजे ती घडी नव्हे. आणि डेंगू, चिकुनगुनिया तर विषाणूंचे आजार. त्यांवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, पण ‘एक सलाईन लावा, तरतरी येईल’ हा हट्ट काही सुटत नाही.

सेफ्ट्रायॅक्सोन शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं, असा नियम २०१४ पासून लागू आहे. तरी गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून आणलेल्या बाटल्या माझ्या दारी येतात. अन्न व औषध प्रशासनाने नाशकातली ही रजिस्टरं खरोखर उघडून पाहावीत.

रुग्णालयांना हात जोडून विनंती, की इंजेक्शनं तुमच्याकडेच येऊन घ्यायची नसतील तर घरी सोडताना सुई काढूनच पाठवा. आणि डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस आणि कशाची ॲलर्जी, हे मराठीत लिहा. घरच्यांनी डॉक्टरांना एवढं विचारावं, ‘आता गोळीवर आणता येईल का?’ पेशंट खायला-प्यायला लागला, ताप उतरला की पुष्कळदा ते जमतं. सुई हाताला राहिलीच असेल आणि ती जागा लाल, गरम, कडक झाली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सिडको, नाशिक