कार्ड संपतंय, ट्यूलिप थांबत नाहीत

22 मार्च 2026

प्रिय मंद्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दिवाळीपासून तुला धड एक फोन नाही. व्हॉट्सॅपवर अंगठे दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, हे वाक्य तुझंच, आणि ते मला लागू पडतंय हे मान्य. आम्ही दोघं बरे. बर्चचे पराग सुटले की केतकीच्या शिंका सालाबादप्रमाणे सुरू होतील, गोळ्या आणून ठेवल्यात. तब्येतीचं पुराण संपलं.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. ऑफिसातल्या जर्मनांना सांगितलं तर ते म्हणतात, "येईल की पत्र." घरी सांगितलं तर आई म्हणणार, "मग या परत." राहिलास तू. आमच्या दोघांच्या रेसिडेन्स कार्डांची मुदत 11 एप्रिलला संपते आणि आपलं हॉलंड ठरलंय 17 ला. केतकीचं कार्ड माझ्या कार्डाच्या आधारावर, त्यामुळे बुडालो तर जोडीने.

परदेशी लोकांच्या परवान्याच्या ऑफिसकडे नूतनीकरणाचा अर्ज जानेवारीतच ऑनलाइन भरला. पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, भाडेकरार, विम्याचा दाखला, पासपोर्ट, सगळं जोडलं. उत्तर म्हणून आपोआप येणारं पोचपावतीचं ईमेल आलं आणि मग सगळं थंड. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, नाही, फोन कोणी उचलत नाही.

आता नीट ऐक, कारण तुझंही कार्ड ऑगस्टात संपतंय आणि तू जुलैत जागा होशील. मुदत संपायच्या आत अर्ज गेला असेल तर परवान्याच्या कायद्यातल्या कलम 81, पोटकलम 4 प्रमाणे जुनं कार्ड निर्णय होईपर्यंत चालू आहे असंच धरलं जातं. नोकरी, पगार, घर, सगळं जुन्याच अटींवर चालू राहतं. म्हणजे 12 एप्रिलला आम्ही बेकायदेशीर होत नाही. केतकीला हे तीनदा समजावलं, चौथ्यांदा तिनेच मला समजावलं.

गाडं अडतं ते सीमेवर. पोचपावतीचं ईमेल हा प्रवासाचा कागद नव्हे. त्यासाठी फिक्त्सिऑनवाला कागद, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, हातात लागतो. घडी घातलेला असतो, 13 युरो पडतात. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन आहेत. खूण तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे 81-4 वर असली, तरच त्या कागदावर शेंगेनमध्ये फिरता येतं आणि जर्मनीत परत शिरता येतं, तेही पासपोर्ट आणि मुदत संपलेलं जुनं कार्ड सोबत असेल तरच. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनावर खूण असली तर जर्मनीत राहा, बाहेर पडलात तर परतीला नवा व्हिसा. म्हणून जुनं कार्ड खिडकीवर कोणी मागितलं तरी आधी विचारायचं, आणि कागद घेतल्यावर तिथेच उभं राहून खूण बघायची. घरी येऊन बघणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला एक आत्ता हे पत्र वाचतोय.

"ट्रेनमध्ये कोण विचारतं?" असं तू म्हणणार, मला इथपर्यंत ऐकू आलं. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आहे, डचांनीही त्याच वर्षी डिसेंबरात सुरू केली. दर गाडीत येत नाहीत हे खरं. पण आले तर "साहेब, ईमेल आहे" म्हणून मोबाइल पुढे करायची माझी तयारी नाही.

तुझ्यासाठी आणखी एक. मे 2025 पासून कागदावरचा फोटो घेत नाहीत. मान्यताप्राप्त फोटोवाल्याकडे किंवा डीएमसारख्या दुकानात डिजिटल काढायचा, ते एक कोड देतात, ऑफिस तो स्कॅन करून फोटो ओढून घेतं. तुझ्या पाकिटातला, मिशीवाला, तो आता फक्त सायलीला हसवायच्या कामाचा. बोटांचे ठसे दिल्यावर कार्ड बर्लिनहून छापून यायला सहज चार-सहा आठवडे जातात. नूतनीकरणाचे 93 युरो.

तर प्रवासाचं. हॉलंड रद्द झालंय असं म्हणत नाही, पण पैसे गुंतवू नकोस. रेल्वेचं सुपर श्पारप्राइस, ते सगळ्यात स्वस्त तिकीट, घेऊ नकोस, ते परत होत नाही. साधं श्पारप्राइस प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत 10 युरो कापून रद्द होतं, बाकीचे व्हाउचर म्हणून मिळतात. त्या दोन तिकिटांतल्या पाच-सात युरोंवरून आपण कोलोनच्या स्टेशनात जे भांडलो होतो, त्याचा निकाल आज माझ्या बाजूने लागला असं समज.

कागद आला तर: कॉयकनहोफ, ती लिसची ट्यूलिपची बाग, यंदा 10 मे पर्यंत उघडी आहे, तिकीट ऑनलाइन, वेळ निवडून. लायडनहून 854 नंबरची बस, स्किपोलहून 858. बागेला घाई नाही, घाई आहे ती बाहेरच्या शेतांना. लिसच्या आसपासचे शेतकरी फुलं विकायला लावत नाहीत, कंद विकायला लावतात. फूल पूर्ण उमललं की रोगट झाडं निवडून झाल्यावर मशीनने मुंडकी छाटतात, म्हणजे सगळा जोर कंदात उतरतो. आज लाल-पिवळे पट्टे, परवा नुसती हिरवी पात. म्हणूनच मे मध्ये गेलेले लोक "बाग छान, पण शेतं कुठे?" म्हणत परत येतात. एप्रिलचा मधला आणि शेवटचा आठवडा धरायचा. आणि सायलीला रीलसाठी वाफ्यात उतरवू नकोस, बुटांना चिकटून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो, आणि शेतकरी ओरडतात ते डचमध्ये. तिकडे बस-ट्रेनला बँकेचं कार्ड टेकवून चढायचं, उतरतानाही टेकवायचं. माणशी वेगळं कार्ड, एकावर दोघं चालत नाही.

कागद आला नाही तर 17 ला बॉन. हेअरश्ट्रासेवर चेरी साधारण एप्रिलच्या मध्यावर फुलते, भरगच्च गुलाबी, दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत शिरतात. शनिवारी दुपारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त, म्हणून सकाळी आठच्या आत. हे वाक्य मी मुद्दाम तुला उद्देशून लिहिलं आहे. जाण्या-येण्याला डॉइचलांड-टिकीट, तो देशभरचा लोकल गाड्यांचा पास, आहेच, यंदा महिना 63 युरो, पण आयसीईत, म्हणजे वेगवान गाडीत, चालत नाही हे पुन्हा विसरू नकोस.

मे मधलं स्वित्झर्लंड मात्र मला तसंही नको वाटू लागलंय. हिमेलफार्टची सुट्टी 14 ला, गुरुवारी. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस. पण आपल्या विम्याच्या कार्डाची मागची बाजू, जी युरोपभर चालते असं आपण धरून चाललो होतो, ती आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये चालत नाही. पाय मुरगळला तर बिल आपल्या डोक्यावर. जायचंच तर प्रवासाचा वेगळा विमा आधी. त्यापेक्षा बोडेनझे, ते सीमेवरचं तळं, करू. माइनाऊ बेट कॉन्स्टान्सचं, म्हणजे जर्मनीतच, आणि मेच्या मध्यापर्यंत तिथेही ट्यूलिप असतात. मेअर्सबुर्गहून गाड्यांची फेरी पंधरा मिनिटांत पलीकडे नेते, दोन्ही काठ जर्मन. फक्त फ्रीडरिक्सहाफेनच्या धक्क्यावर चुकून रोमान्सहॉर्नच्या बोटीत चढू नका, ती स्विस काठाला लागते.

सायलीच्या रानलसणाच्या चटणीबद्दल. बेअरलाउखचं, म्हणजे रानलसणाचं, प्रत्येक पान आपापल्या बारीक देठावर जमिनीतून एकेकटं येतं, पालथी बाजू मळकट, बिनचमकीची. तशाच दिसणाऱ्या मायग्लॉक्खेनची दोन पानं एकाच दांड्यावर, पालथी बाजू चकचकीत, आणि ते विषारी. हेर्ब्स्टत्साइटलोजऽ, तेही तसंच दिसणारं विषारी झाड, तर त्याहून वाईट, त्याला देठच नसतो. चुरगाळून वास घ्यायची युक्ती पहिल्याच पानाला चालते, नंतर हातालाच लसूण लागलेला असतो, काहीही हुंगलं तरी चटणीच. संरक्षित जंगलात तोडायचं नाही, बाकीकडे घरापुरती मूठभर. आणि तुमच्याकडे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या एफएसएमई या मेंदूच्या आजाराचं इंजेक्शन दोघांनीही घ्या. बाडेन-वुर्टेम्बर्ग धोक्याच्या यादीत आहे, विमा पैसे देतो. दुसरा डोस पहिल्यानंतर एक ते तीन महिन्यांनी, म्हणजे आज घेतला तरी मे अर्धवटच. सुईला घाबरतोस हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुझं नवं ऑफिस कसं आहे? प्रोबेशन कधी संपतंय? सायलीची जर्मनची बी-1 परीक्षा झाली का, की तीही टर्मिनच्या रांगेत? काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे केतकीकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग.

ईस्टरला शुक्रवार, रविवार, सोमवार दुकानं बंद, फ्रिज गुरुवारीच भरून ठेव. त्याच गुरुवारी मी परवान्याच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहणार आहे, सकाळी सातला, अर्जाची प्रिंट आणि पोचपावती घेऊन. विना-टर्मिन घेत नाहीत असं दारावर लिहिलंय, पण मुदत आठवड्यावर आल्यावर कधीकधी आत सोडतात म्हणे. शुक्रवार 10 एप्रिलपर्यंत कागद आला नाही तर मी बॉनचं हॉटेल बुक करतो, चौघांचं. तोवर लायडनच्या खोलीवर फुकट रद्द होणारं बुकिंग ठेव, आणि शेवटची तारीख कोणती ते बघून मला लगेच कळव. अंगठा नको, तारीख पाठव.

तुझा,
सम्या