हात न लावता चालणारा इंटरकॉम

महोदय,

आमच्या गृहनिर्माण संस्थेत घरोघरी इंटरकॉम आहे. परंतु पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी पडलेल्या माझ्या आईला पलंगावरून उठून भिंतीवरचा रिसीव्हर उचलता येत नाही. म्हणून आम्ही तिच्या उशाशी आणि स्वयंपाकघरात आवाजावर चालणारे दोन स्मार्ट स्पीकर बसवले. घेताना पाहिले ते एवढेच, की पलीकडून बोलावल्यावर तिने काहीही न दाबता संभाषण सुरू होते का. यामुळे खोलीतले सारेच ऐकू येते, म्हणून तिची संमती आधी घेतली.

तिचे अडखळते बोलणे यंत्राला नेहमी कळत नाही, आणि पंखा जोरात असला तर मुळीच नाही. वीज गेली की राउटर बंद, आणि त्याबरोबर तिची हाकही. राउटर इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा कुठे हे थांबले. तरीही पलंगाच्या कठड्याला नाडीने बांधलेले साध्या वायरलेस बेलचे बटण आम्ही काढलेले नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील सुगम्यता केवळ रॅम्पपुरती नसून तीत माहिती व संपर्काची साधनेही येतात. गृहनिर्माण संस्थांनी नवा इंटरकॉम निवडताना अशा रहिवाशांना आधी विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे