टेकडीवर खड्डे घेण्याआधी तिथलं गवत बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की पुण्यात वेताळ टेकडीवर झाडं लावायची गडबड सुरू होते. लोकांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वादच नाही, पण मोकळा माळ दिसला की "इथे काहीच नाही" म्हणत कुदळ पडते, याचं फार वाईट वाटतं. सरकारी भाषेत तर असा माळ सरळ पडीकच!

अहो, तिथे खूप काही असतं. पहिल्या पावसानंतर दिपकाडी उगवते, तिचा कांदा बाकी वर्ष जमिनीत गपचूप पडून असतो, मागोमाग पांढरी मुसळी, भुईआमरी, मग श्रावण-भाद्रपदात कवळा आणि सोनकी. टिटवी तर उघड्या मुरमावरच अंडी घालते, घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा नि भोवती चार खडे, अंडी पण मातकट ठिपक्यांची, अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाहीत, आणि तिचा विणीचा काळ उन्हाळा ते पावसाळा, म्हणजे नेमका आपल्या खड्ड्यांचा सीझन.

लावायचं काय तर वर्षानुवर्षं गिरीपुष्प! मूळचं मध्य अमेरिकेतलं, नुसती फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, त्यामुळे काम झाल्यासारखं दिसतं. पण त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही, गवत गेलं की नाकतोडे गेले, मग चंडोल काय खाणार आणि कुठे राहणार?

झाडं लावायचीच तर ओढ्याच्या कडेला, उतारावर जिथे आधी होती तिथे लावा, आणि इथलीच लावा, गणेर, सालई, मोई, धावडा, हिवर, मेडशिंगी. गणेर बघितलाय का कधी? फेब्रुवारीत अंगावर एक पान नसतं आणि हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं! ही रोपं नर्सरीत सहजासहजी मिळत नाहीत हे मान्य, पण बिया टेकडीवरच्याच झाडांच्या गोळा करता येतात की.

महापालिका आणि वन विभागाला विनंती आहे की पावसाळ्यात वनस्पती ओळखणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन माळ फिरा, गवताळ जागा नकाशावर मार्क करा आणि तिथे खड्डे घ्यायला परवानगीच देऊ नका. आणि श्रमदानाला येणाऱ्या ग्रुप्सना सांगणं एवढंच की यंदा कुदळ घेऊन याच, पण घाणेरी, म्हणजे टणटणीचं परदेशी झुडूप, खणून काढायला या, ती टेकडीवर भरपूर माजलीय.

एक वाचक, कोथरूड, पुणे