अलर्टचा रंग छापता, मग काय करायचं तेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आमच्या हर्णै-दापोलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी अलर्ट. उद्या अलर्ट आहे का, अलर्ट आलाय मग शाळेला सुट्टी ना, एवढंच विचारतात आणि यलो असो की रेड, सगळ्याचा अर्थ एकच, खूप पाऊस पडणार. पण हवामान खात्याने प्रत्येक रंगाला काम नेमून दिलंय हो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, आणि रेड म्हणजे आता हला, बघत बसू नका.

अलर्ट हा शब्दच मुळात इटालियनमधून आलाय, उंचावर चढून टेहळणी करा असा पहारेकऱ्याला दिलेला तो हुकूम. आपण त्याची बातमी करून टाकली.

बंदरावर बघा, तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याची खूण, लागला म्हटलं की खलाशाला पुढचं सांगावं लागत नाही, बोटी सरळ आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन नांगरतात. कारण बावट्याचा नंबर आणि पुढचं काम हे डोक्यात एकत्रच बसलंय. अलर्टचं तसं झालेलं नाही, निसर्ग वादळानंतर म्हणजे २०२० नंतर सुद्धा नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, ते पहाटेचे तास त्यांच्या हिशोबात २१ तारखेचेच. म्हणजे पेपरात २१ चा अलर्ट वाचून रात्री दहाला कोणी म्हणालं की संपला आजचा दिवस, तर नदीकाठच्या माणसासाठी ते किती महागात पडेल! आणि अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो, त्यामुळे दापोलीत ऊन आणि संगमेश्वरात धो धो असं होतंच, तेव्हा अंदाज चुकला असं म्हणून सोडून देऊ नये.

तेव्हा विनंती एवढीच की 'कोकणाला रेड अलर्ट' असा मथळा छापताना त्याच्याच खाली जिल्हा कुठला, कधीपासून कधीपर्यंत आणि नदीकाठच्यांनी, दरडीखालच्यांनी, मच्छीमारांनी काय करायचं हे चार ओळीत द्या, जून ते सप्टेंबर रोज, आणि पहिल्या पानावरच.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी