दुसऱ्यासाठी लावलेली बारा झाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेत आता औषधी गांजा घरीच लावता येतो’ हे वाक्य आपल्याकडच्या बातम्यांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत फिरत असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि माणसे अडकतात ती उरलेल्या अर्ध्यात. स्वतःसाठी लावणे ही एक गोष्ट. आजारी सासऱ्यांसाठी, शेजारच्या काकूंसाठी किंवा मंडळात ओळख झालेल्या एखाद्या रुग्णासाठी लावणे ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि तिचे नियम फार काटेकोर आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा असल्यामुळे हे पत्र फक्त मिशिगनपुरते आहे. डेट्रॉइटच्या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांचे आईवडील पुण्या-नागपुराहून येऊन-जाऊन असतात, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २००८ मध्ये औषधी गांजाचा कायदा संमत केला. दुसऱ्या रुग्णासाठी लागवड करणाऱ्याला या कायद्यात ‘केअरगिव्हर’ म्हणतात. त्याचे वय किमान २१ हवे, मागच्या १० वर्षांत कुठल्याही गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, आणि अमली पदार्थांच्या किंवा मारहाणीच्या गंभीर गुन्ह्यात तर कधीच नसावी. एका रुग्णाला एकच केअरगिव्हर नेमता येतो आणि एका केअरगिव्हरला जास्तीत जास्त ५ रुग्ण घेता येतात. प्रत्येक रुग्णामागे १२ झाडे, म्हणजे पाचांची ६०. केअरगिव्हर स्वतःही नोंदलेला रुग्ण असेल तर त्याची १२ धरून ७२. केलेल्या खर्चाचा मोबदला रुग्णाकडून घेता येतो.

ही १२ झाडे रुग्णाच्या नावाची असतात, आजाराच्या किंवा घराच्या नावाची नव्हेत. झाडे कोणाच्या ताब्यात राहणार, स्वतःच्या की केअरगिव्हरच्या, हे रुग्णाला नोंदणीच्या अर्जातच सांगावे लागते. केअरगिव्हरच्या असे लिहिले की रुग्णाने आपल्या तळघरात आणखी १२ लावायची नाहीत. ‘त्यांची बारा आणि माझी बारा’ असा हिशेब या कायद्यात नाही. रुग्णाने केअरगिव्हर बदलला की राज्याचे खाते जुन्या केअरगिव्हरला तसे कळवते, आणि सूचना मिळाल्यापासून १० दिवसांनी त्या रुग्णापुरते त्याचे संरक्षण संपते. तोवर ती १२ झाडे हलवली किंवा नष्ट केली नाहीत तर ती बेकायदा होतात. नोंदणीनंतर राज्याकडून मिळणाऱ्या कार्डाची मुदत २ वर्षांची असते. नूतनीकरण राहून गेले तरी तीच गत.

ग्रँड रॅपिड्समधल्या एका गोदामाचा खटला इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या केअरगिव्हरकडे नोंदलेले रुग्ण दोन, म्हणजे मर्यादा २४ झाडांची, आणि पोलिसांना सापडली ८८. उरलेली झाडे इतर रुग्णांची आणि इतर केअरगिव्हरांची असून आपण जागा वाटून घेतली आहे, असा त्याचा बचाव होता. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये तो मान्य केला नाही. एका रुग्णाची झाडे दोघांपैकी एकाच्याच ताब्यात असू शकतात, त्या रुग्णाच्या किंवा त्याने नोंदवलेल्या केअरगिव्हरच्या. चार मित्रांनी भाड्याने एक शेड घेऊन झाडे एकत्र वाढवायची, ही आपल्याला सोयीची वाटणारी पद्धत कायद्याच्या थेट संरक्षणात बसत नाही.

आता झाड म्हणजे काय ते पाहू. मोजणीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कायद्याच्या व्याख्येनुसार प्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणारा आणि दिसण्याइतके मूळ फुटलेला किंवा वाढीच्या माध्यमात असलेला जीव म्हणजे झाड. छातीइतके वाढलेले, फुलोऱ्यावर आलेले झाड एक, आणि ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये खोचलेली बोटभर छाट हीसुद्धा एकच. तिला अजून मूळ फुटले नसले तरी ती मोजली जाते. गांजा लावणारा माणूस जास्तीची रोपे ठेवतोच. साध्या बियांतून साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि ती उपयोगाची नसतात, शिवाय छाटांपैकी काही सडतात. म्हणून १२ हवी असतील तर तो १८ करतो आणि सहा पुढे काढून टाकू म्हणतो. त्या दिवशी तपासणी झाली तर मोजणी अठराची होते. एका रुग्णासाठी पाच-सहा झाडे फुलोऱ्यावर, तीन-चार वाढीवर आणि उरलेल्या जागा छाटांना, असे आधीच बसवून घ्यावे आणि नवी छाट खोचण्याआधी जुने काहीतरी काढावे.

दुसरा घोटाळा वजनाचा, आणि माझ्या मते कायद्यातली ही सर्वांत अवघड जागा आहे. रुग्णामागे वापरण्याजोगा गांजा ठेवता येतो फक्त २.५ औंस, म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम. हिशेब करून पाहा. एका झाडातून सुकून ३० ग्रॅम निघाला असे कमीत कमी धरले, तरी १२ झाडे एकदम कापल्यास ३६० ग्रॅम होतो, मर्यादेच्या पाचपट. म्हणजे झाडांची संख्या तंतोतंत पाळणारा माणूसही कापणीच्या आठवड्यात वजनात गुन्हेगार ठरू शकतो. उपाय एकच, लागवड टप्प्याटप्प्याने करायची आणि एका वेळी एक-दोनच झाडे कापायची. व्याख्येतला ‘सुकलेला’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. कापून दोरीवर टांगलेला, धड ओला नाही आणि धड सुका नाही असा माल वापरण्याजोगा धरायचा की नाही, यावरून मिशिगनच्या न्यायालयांत खटले झाले आहेत. दोरीवर जितका कमी माल, तितका हा धोका कमी. वड्या, लाडू किंवा तेल करून दिले तर रूपांतराचे कोष्टक कायद्यातच आहे: १ औंस गांजा म्हणजे १६ औंस घन खाद्य किंवा ३६ द्रव औंस. इथे वजन सगळ्या पदार्थाचे धरतात, आत घातलेल्या गांजाचे नव्हे. म्हणून प्रत्येक बरणीवर रुग्णाचे नाव, तारीख आणि वजन लिहिलेले असावे.

कुलपाबद्दल. झाडे बंदिस्त, कुलूपबंद जागेत हवीत आणि तिथे प्रवेश फक्त नोंदणीकृत केअरगिव्हरला किंवा रुग्णाला. तळघराच्या खोलीला कुलूप आहे, पण किल्ली फ्रिजवरच्या वाटीत सगळ्यांना सापडेल अशी ठेवली आहे, हे चालत नाही. बायको, मोठा मुलगा, साफसफाईला येणारी बाई, कुणालाही त्या दारापलीकडे जाता येता कामा नये. अंगणात लावायची तर जमिनीला पक्के रोवलेले, सर्व बाजूंनी जाळीने किंवा लाकडी पट्ट्यांनी बंद केलेले कुंपण हवे, आणि शेजारच्या जागेत जमिनीवर उभे राहून किंवा तिथल्या पक्क्या इमारतीतून नुसत्या डोळ्यांना झाडे दिसता कामा नयेत. शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावरची खिडकी इथे हमखास विसरली जाते.

जागेवर गावाचाही अधिकार चालतो. बायरन टाउनशिपच्या खटल्यात २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केअरगिव्हरला सरसकट बंदी न घालता तो कुठे लागवड करील हे स्थानिक स्वराज्य संस्था ठरवू शकते. दिव्यांसाठी पैसे घालण्याआधी टाउनशिपच्या कार्यालयात विचारणा करावी.

आणि तयार झालेला गांजा द्यायचा कोणाला? केअरगिव्हर म्हणून फक्त आपल्या नोंदलेल्या रुग्णाला. दुसऱ्याच्या रुग्णाला नाही, भलेही त्याच्याकडे खरे कार्ड असेल आणि तो वेदनेने तळमळत असेल. हे वाचताना कठोर वाटते, मलाही वाटते. पण परवानगी नसलेल्याला विकल्यास कार्ड रद्द होते आणि २ वर्षांपर्यंत कैद किंवा २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की खिशात कार्ड असणे पुरेसे नाही. संरक्षणाची प्रत्येक अट पाळली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच असते. डिसेंबर २०१८ पासून २१ वर्षांवरील कुणालाही घरात मिळून १२ झाडे लावता येतात, पण तो वेगळा कायदा आहे, स्वतःच्या वापरापुरता आहे, आणि घरात चार प्रौढ असले तरी बाराचे अठ्ठेचाळीस होत नाहीत.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात दुसऱ्या रुग्णासाठी गांजा लावणारा अशी कोणतीही व्यक्ती नाही. विनापरवाना लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘एक किलोपर्यंत चालते’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. एक किलो ही शिक्षेची पायरी ठरवणारी ‘अल्प मात्रा’ आहे, ती परवानगी नव्हे. ‘तिकडे डॉक्टरांनी लिहून दिले होते’ म्हणून मिशिगनमधली तेलाची बाटली मुंबईच्या विमानतळावर आणणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते एच-वन व्हिसावरच्या, ग्रीन कार्डवरच्या आणि भेटीसाठी आलेल्या माणसांना. वर लिहिलेले सगळे संरक्षण राज्याचे आहे. केंद्राच्या कायद्यात घरी गांजा लावणे हा गुन्हाच आहे आणि इमिग्रेशन केंद्राच्या कायद्याने चालते. शिक्षा झालेलीच असावी लागते असे नाही. विमानतळावर किंवा मुलाखतीत ‘हो, मी सासूबाईंसाठी लावतो’ अशी कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरू शकते. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केले की राज्यात कायदेशीर असलेली गांजाची कृतीही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येते. इमिग्रेशनच्या कायद्यात एक छोटी सवलत आहे ती स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगल्याच्या एकाच प्रसंगापुरती. राज्य ७१ ग्रॅम ठेवू देते, सवलत तिसाची आहे, आणि दुसऱ्यासाठी लावलेले झाड ‘स्वतःच्या वापरा’त बसवता येत नाही. कार्डधारकांची यादी राज्याकडे गोपनीय असते, पण शपथेवर विचारलेल्या प्रश्नाला ती गोपनीयता उपयोगी पडत नाही.

म्हणून ज्या घरात एकाही व्यक्तीचा इमिग्रेशनचा अर्ज चालू आहे किंवा पुढे करायचा आहे, त्यांनी केअरगिव्हरच्या अर्जावर सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. आजारी माणसासाठी दुसरी वाटही आहे. केमोथेरपीच्या मळमळीवर ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही कॅनाबिनॉइड (गांजातल्या घटकांसारखी) औषधे, आणि ड्रॅव्हे किंवा लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या अपस्माराच्या प्रकारांतल्या झटक्यांवर २०१८ मध्ये मान्यता मिळालेले एपिडायोलेक्स, ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानात केंद्राच्या कायद्यानेही वैध आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना या तीन नावांबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे.

आपला नम्र,
मिशिगनमधील एक मराठी वाचक