दोन बॅकबे

ऑकलंड, रविवार सकाळ

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझे बॉस्टनचे फोटो बघितले, न्यूयॉर्कचे बघितले, आता हे सॅन फ्रान्सिस्को. पाणी, पूल, काचेच्या इमारती. एकच गाव तीनदा बांधलंय का गं?" मी हसले, तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राहिला. पण आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घोळतोय. फोनवर आपली गाडी बीपीची गोळी आणि सोसायटीची लिफ्ट यांच्यापुढे जात नाही, म्हणून लिहिते. आई, तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा सापडेपर्यंत संध्याकाळ होईल.

बॉस्टनला आले त्या पहिल्याच आठवड्यात गाडीतून उतरले आणि समोर पाटी, 'बॅक बे'. क्षणभर चर्चगेटला उतरल्यासारखं वाटलं. नुसत्या नावाचा योगायोग असता तर सोडून दिला असता, पण तो फार लांब जातो. ती आजची श्रीमंत वस्ती म्हणजे भरती-ओहोटीचा चिखल होता. 1850 च्या दशकाच्या शेवटी तो बुजवायला घेतला. नीडम नावाच्या गावाहून रेतीने भरलेल्या मालगाड्या रात्रंदिवस यायच्या, हे काही दशकं चाललं. त्याच सुमारास आपल्याकडेही, मुंबईत, चर्चगेटसमोरचा बॅकबे बुजवायला कंपनी निघाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला, विलायतेतल्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा. पैसा इतका आला की लोक समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचे शेअर घेत सुटले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपनी झोपली. म्हणजे बघा, युद्ध यांचं, पण यांचा बॅक बे पुरा झाला आणि बुडाला तो आपला. पुढे मरीन ड्राइव्हपर्यंत यायला आपल्याला विसावं शतक उजाडलं.

तिथे ट्रिनिटी चर्च म्हणून एक भलंमोठं दगडी देऊळ आहे. ते उभं आहे सुमारे साडेचार हजार लाकडी खांबांवर. लाकूड पाण्यात बुडालेलं असलं तर टिकतं, जमिनीखालचं पाणी उतरलं की कुजायला लागतं. मी राहायचे त्या गल्लीत फुटपाथवर वाटीएवढं लोखंडी झाकण होतं. अधूनमधून एक माणूस यायचा, झाकण उघडून आत टेप सोडायचा आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुमच्या इमारतीचे पाय ओले आहेत ना ते बघतोय." तुम्ही आयुष्यभर घराच्या ओलीशी भांडलात, आणि इथे पाया ओला राहावा म्हणून माणूस नेमलाय!

बॉस्टनची माणसं मात्र कोरडी. समोरच्या दारातल्या बाईंनी चार वर्षं नुसती मान हलवली. पाचव्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली, तर न बोलता फावडं घेऊन आल्या, गाडी मोकळी केली, मान हलवली आणि गेल्या. पुण्याच्या आत्याशी यांचं चांगलं जमेल.

न्यूयॉर्क तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. चार रूळ, मधल्या दोनांवर फास्ट, कडेच्या दोनांवर स्लो. फास्ट सोडून स्लो पकडायला लोक तसेच धावतात जसे दादरला. तोंडाने फटकळ, पण जिन्यावर बाबागाडी घेऊन बाई दिसली की कुणीतरी पुढची बाजू उचलतो, वर पोचवतो आणि थँक्यू ऐकायच्या आत गर्दीत नाहीसा होतो. आई, तुला सगळ्यांत जास्त हेच शहर आवडेल, मी पैज लावते. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळात समुद्र त्या भुयारी स्टेशनांत शिरला होता. त्याची वर्णनं ऐकताना मला आपली 26 जुलैची रात्र आठवली, बाबा कुर्ल्याहून रुळांवरून चालत आले होते ती.

आणि बाबा, समुद्र खाण्यात हेही मागे नाहीत. पर्ल स्ट्रीट एकेकाळी किनाऱ्यावरचा रस्ता होता, कालवांच्या शिंपल्यांवरून त्याला नाव पडलं. आता पाण्यापर्यंत जायला आणखी तीन रस्ते ओलांडावे लागतात. वर्ल्ड ट्रेड सेंटरचा पाया खणताना निघालेली माती हडसन नदीत टाकली, त्यावर बॅटरी पार्क सिटी उभी राहिली. ओळखीचं वाटलं ना? तुमचं बॅलार्ड इस्टेट तरी कशावर आहे? अलेक्झांड्रा डॉक खणून निघालेल्या मातीवरच. पगाराच्या तक्रारी घेऊन तुम्ही पोर्ट ट्रस्टच्या ज्या हेड ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याखाली गोदीचीच माती होती.

आता इथलं. सॅन फ्रान्सिस्कोत 1849 ला सोन्याच्या नादात इतकी माणसं आली की खलाशी जहाजं बंदरात टाकून डोंगरात पळाले. बेवारशी जहाजांची कुणी दुकानं केली, कुणी गोदामं. मग भोवती भराव पडत गेला आणि जहाजं जागच्या जागी पुरली गेली. आज तिथे बँका आहेत, आणि ट्रामचा एक बोगदा चक्क अशा एका जहाजातून गेलाय.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. सॅन फ्रान्सिस्कोचे धक्के बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा धक्क्यांवर जहाजच नव्हतं. फेरी बिल्डिंगचा घड्याळाचा मनोरा आहे, खाली चीज आणि महागडी कॉफी. बंदर गेलं कुठे? समोर. खाडीपलीकडे, ऑकलंडला. 1956 मध्ये न्यूअर्कहून 58 अॅल्युमिनियमच्या पेट्या, म्हणजे कंटेनर, घेऊन एक जहाज निघालं आणि जुन्या धक्क्यांचे दिवस भरले. पेट्या ठेवायला मोकळी जमीन लागते, रेल्वे लागते. अरुंद धक्क्यांमागे शहर चिकटलेलं, सरकणार कुठे? मॅनहॅटनचं बंदर न्यू जर्सीत गेलं, इथलं ऑकलंडला. आणि 1989 ला आपलं न्हावाशेव्याला, तेही खाडीपलीकडेच.

हे कळलं तेव्हा मी त्या मनोऱ्याखाली बाकावर बसून राहिले. मी शाळेत असताना तुम्ही व्हीआरएसचा फॉर्म खिशात घालून आठ दिवस फिरत होतात. आई विचारायची तेव्हा म्हणायचात, "गोणी असती तर मोजली असती. पेटी बंद आली की टॅली क्लार्कने मोजायचं काय?" मला तेव्हा वाटायचं हे फक्त आपल्या घरात घडतंय. इथेही हजारो घरांत हेच बोलणं झालं असणार, कॉफीच्या टेबलाशी, इंग्रजीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, बाबा: पाण्याच्या कडेची गावं सारखी दिसतात ती काचेमुळे नाही. सगळ्यांनी आधी समुद्र बुजवला, मग गोदी बांधली, मग गोदीला बाहेर काढून तिथे कॉफी विकायला बसले. बाकी स्वभाव वेगळे. इथली माणसं गोड हसतात, "नक्की भेटू या" म्हणतात आणि भेटत नाहीत. लॉस एंजेलिसबद्दल मी लिहिणार नाही, चार दिवसांतले दोन गाडीत गेले. सिअॅटलला हिवाळाभर भुरभुर चालू असते आणि त्याचा केवढा गवगवा! वर्षाचा मिळून पाऊस आपल्या सांताक्रूझला 26 जुलैला एका दिवसात पडला जवळपास तेवढाच.

आई, भूकंपाचं. खोटं सांगत नाही, भीती आहेच. 1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागात भरावाची जमीन हादऱ्याने चिखलासारखी पातळ झाली आणि घरं बसली. ऑकलंडमध्ये दुमजली रस्ता कोसळला, माणसं गेली. मी घर घेतलं ते नकाशा बघून, भरावावर नाही. पलंगाखाली पाण्याचे कॅन आणि बूट ठेवलेत. याहून जास्त तू जप करशील तो.

जुलैत येताय, तर उन्हाळा म्हणून सुती कपडे भरू नका. बॉस्टनचा जुलै घामाचा, इथला धुक्याचा. पॅसिफिकचं पाणी बाराही महिने गार, पाय घातलास तर किंचाळशील. बाबांचा तो मरून स्वेटर आणच. पहिल्याच दिवशी बाबांना मिडल हार्बरच्या बागेत नेणार आहे. बाकावर बसलं की क्रेन अगदी समोर, जहाजावरच्या पेट्या उचलताना दिसतात. मग फेरीने पलीकडे जाऊ. लाँचसारखा डिझेलचा वास नाही, पण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला निघाल्यासारखं वाटतं.

आणि आई, तिकीट काढताना खिडकीची जागा माग. विमान उतरायला लागलं की खाली खाडीच्या कडेला चौकोन दिसतील, लालसर, गुलाबी, काही पांढरे. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा शेजारचा माणूस मला सांगायला लागला की ही मिठागरं आहेत. मी म्हटलं, मला नका सांगू, माझं आजोळ उरणचं आहे.

तुमची,
छोटी

ता. क. कुळथाचं पीठ दोन पिशव्यांत भरा, एक फुटली तर दुसरी राहील.