सोसुसव्लेईला येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार. नामिबियाच्या वाळूच्या टेकड्या कॅमेऱ्यात टिपायला निघालेल्यांनी एवढं नक्की वाचा.

टेकडीवर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही. दुसरी कॅमेरा बॉडी नसेल तर एकच झूम लेन्स ठरवून घ्या. काचेवर वाळूचा कण दिसला तर आधी ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा), मगच कापड. थेट पुसलंत की ओरखडा आलाच. ट्रायपॉडचे सांधे रोज रात्री झटका.

उजेड सकाळचाच खरा. सूर्य वर चढला की सावली आटते, टेकडीची धार सपाट होते आणि लाल रंग उतरतो. त्यामुळे इथल्या राष्ट्रीय पार्कच्या आतला मुक्काम महाग पडला तरी घ्यावा, असं माझं मत. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आत राहणाऱ्यांना त्याआधी निघता येतं.

डेडव्लेई या जवळच्याच कोरड्या, सपाट खोलगटातली बाभळीच्या जातीची काळी झाडं मरून कित्येक शतकं झाली, तरी उभी आहेत. त्यांना टेकू नका, फांदीला बॅग अडकवू नका (हो, हेही सांगावं लागतं). धारेवर पाऊल टाकण्याआधी मागे कोणी फ्रेम लावली आहे का, ते बघा. ठसे पुढच्या वाऱ्यापर्यंत तसेच राहतात.

ड्रोन आणू नका, परवान्याशिवाय चालत नाही. पाणी ज्याचं त्याने घ्यायचं.